व्हरांड्याच्या टोकाचं ताट

अवसरी बुद्रुक,
२० एप्रिल २००४

प्रिय यशा,

हे पत्र अर्धं वाचून बाजूला टाकायचं नाही, आधीच बजावते. रागावलीस की तू कागद अर्धाच वाचतेस आणि उरलेला मनानेच पुरा करतेस, ही तुझी खोड मला कॉलेजपासून ठाऊक आहे. दिवाळीला मी तुला लिहिलं, उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, उत्तर नाही. तुझ्या जुन्नरच्या शेजाऱ्यांकडे फोन केला तर ते म्हणाले, मॅडम शाळेत गेल्यात. रविवारी! अगं, खोटं सांगायला लावायचं तर वार तरी बघून लावायचं. तू माझ्यावर रागावली आहेस आणि कशावरून रागावली आहेस तेही मला कळलंय. आता माझंही ऐक. मी तुझ्यावर चिडलेय, तुझ्या आईवर चिडलेय, गुरुजींवर, साळुबाईवर, माझ्या सासूबाईंवर, एकूण सगळ्या गावावर चिडलेय. गेलं वर्षभर मी एकच गोष्ट सांगतेय आणि प्रत्येकाने ती स्वतःला हवी तशी ऐकली आहे. माझा मुलगा शाळेत जावा आणि संध्याकाळी धडधाकट घरी यावा, एवढंच माझं मागणं होतं. त्यापायी तू हातची गेलीस की काय, अशी वेळ आली आहे.

आदेशच्या अंगावर गांधी उठतात, एवढं तुला माहीत आहे. नंतरचं माहीत नाही, कारण तोवर तुझी बदली जुन्नरला झाली होती. तीन वर्षांचा असताना त्याने कुणाच्या तरी बारशात चिक्कीचा तुकडा खाल्ला आणि डोळे मिटतील एवढं तोंड सुजलं. इथे कुणी उष्णता म्हणालं, कुणी दृष्ट म्हणालं, कुणी म्हणालं बाहेरचं बघा. शेवटी पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. शेंगदाणा पोटात गेला तर घसा आतून सुजून श्वास अडकेल. त्याला औषध नाही, न खाणं हेच औषध. चुकून खाल्लंच तर उभ्या पावली दवाखाना गाठायचा आणि इंजेक्शन द्यायचं. मी मान डोलावून बाहेर आले आणि एसटी स्टँडवर बसून विचार करायला लागले, की शेंगदाणा नाही असं आपल्याकडे आहे तरी काय? भाजीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, चटणी तर दाण्याचीच. उपवास आला की त्याहून जास्त. तेल घाण्यावरचं, तेही शेंगांचं. आणि आमच्या विहिरीखालच्या रानात काय, तर उन्हाळी भुईमूग! देवाने तरी जरा पत्ता बघून पोर पाठवायचं.

सासूबाईंना तर हे अजून पटलेलं नाही. "आमी भुईमुगाच्या रानात पोरं वाढवली. दाणा खाऊन कोण मेलंय व्हय कधी? सवय लावली की व्हतंय समदं." आणि माझी पाठ वळल्यावर त्यांनी खरंच सवय लावून बघितली. लाडवाचा कण. आदेशच्या अंगावर हे एवढाले फोड उठले. त्यानंतर त्यांनी स्वतः दाण्याचा डबा उचलून शेजारी नेऊन दिला, खलबत्ता माळ्यावर टाकला, भाजीत कुटाऐवजी सुकं खोबरं घालायला लागल्या. पण चूक झाली म्हणून तोंडातून एक शब्द काढला असेल तर शपथ. अजूनही आल्यागेल्याला सांगतात, सुनेच्या डोक्यात पुण्याच्या डॉक्टरानं खूळ भरवलंय. खोबरं किसता किसता सांगतात.

तर असं हे घर कसंबसं सांभाळलं आणि जूनमध्ये पोराचं नाव पहिलीत घातलं. त्याच सुमाराला सरकारने घरी तांदूळ वाटायचं बंद करून शाळेतच खिचडी शिजवायला सुरुवात केली, आणि शिजवायला तुझी आई. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! सांगून काय उपयोग, तू म्हणशील आता बोलतेय. पण आठव, कॉलेजात मी मढहून मंचरला मामाकडे शिकायला आले तेव्हा मामीचा डबा मला गोड लागायचा नाही, आणि तुझ्या डब्यातला बनामावशींचा शेंगदाण्याचा ठेचा मी निम्म्याहून जास्त खायचे. तू भांडायचीस. मावशी मग दुसऱ्या दिवशी ठेचा दुप्पट पाठवायच्या आणि निरोप द्यायच्या, मढच्या पोरीला सांग, डबा चाटून पाठवू नको, घासायला काय तरी ठेव. माझं लग्न तुझ्याच गावात ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त तू नाचली होतीस. त्याच मावशींच्या हातची खिचडी माझा मुलगा खाणार, म्हणून मी खूश होते. मग चव बघायला पातेल्यात डोकावले आणि कपाळावर हात मारला. सरकारी तांदूळ आणि डाळ पोरांच्या घशाखाली उतरत नाही म्हणून मावशी घरून ओंजळभर कूट आणून वर घालत होत्या. पोरं ताट चाटूनपुसून खात होती.

मावशींना तोंडावर कूट घालू नका म्हणायला जीभ रेटेना, म्हणून मी गुरुजींकडे गेले. सगळं समजावून सांगितलं. गुरुजी म्हणाले, "असं काही असतं का हो? आम्ही एवढी वर्षं शिकवतोय, असलं पोर पाहिलं नाही." मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. मग त्यांनी खिचडीला हात न लावता तोडगा काढला. आदेशने घरून डबा आणायचा, आणि शेजारच्या पोराचा हात त्याच्या ताटाला लागायला नको म्हणून व्हरांड्याच्या टोकाला, खांबापलीकडे बसायचं. ताट वेगळं. पाण्याचा तांब्याही वेगळा, घरचा. मला हायसं वाटलं. मावशींना, वर्गाच्या बाईंना आणि पोरांना कारण नीट सांगा, एवढं मी दहादा म्हटलं. गुरुजी म्हणाले, निर्धास्त राहा. मी निर्धास्त राहिले. आणि या माणसाने कुणालाही, कुणालाही काही सांगितलं नाही. पुढे विचारलं तर म्हणतात, लोकांना वाटलं असतं शाळेत साथीचा रोग आहे, उगाच पट कमी झाला असता.

आता तू तुझ्या डोळ्यांनी बघ. बौद्धवस्तीतली बाई खिचडी शिजवतेय. सगळी पोरं रांगेत बसून खाताहेत. आणि पाटलाच्या घरातलं एक पोर, खांबापलीकडे, घरचं ताट, घरचा डबा, घरचं पाणी. कारण कुणालाच माहीत नाही. यशा, त्या तांब्यात मला पाण्याशिवाय काही दिसलं नव्हतं. गावाला मात्र सगळं दिसलं. श्रावणात आमच्या भावकीतली साळुबाई गिरणीत भेटली तर माझा हात दाबून म्हणाली, "लई बेस केलंस बाई. आमाला धीर व्हत न्हवता." मला वाटलं, पोराच्या दुखण्याचं धीराने करते म्हणून कौतुक करतेय. मी आभार मानले! तिचे आभार मानले मी, लक्षात घे. पुढे महिन्याभरात तिची नात डबा आणायला लागली, मग आमच्या भावकीतली आणखी पोरं, आणि बघता बघता निम्मी रांग डबेवाली झाली. मला आपलं वाटतंय, हल्लीच्या आया पोरांकडे लक्ष द्यायला लागल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आदेश घरी येऊन विचारतो, "आई, बनाआजीच्या हाताला काय झालंय? साळूआजीची नात म्हणती, त्यांच्या हातचं खायचं नसतं." तव्यावर भाकरी होती. ती जळून कोळसा झाली तरी मी तिथेच उभी.

मग माझं डोकं जे फिरलं! साळुबाईच्या दारात जाऊन अशी भांडले की आमच्या ह्यांना मला घरी आणायला यावं लागलं. काय फरक पडला? साळुबाई म्हणाली, "बरं बाई, रोग तर रोग. मनात असंल ते तोंडानं कशाला बोलायचं?" आणि डोळा मिचकावला. म्हणजे मी खरं सांगतेय तेच तिला पांघरूण वाटलं. तिथून तशीच तुझ्या आईकडे गेले. त्या पातेलं घासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "या, बसा. तुमी कशाला तसदी घेतली?" तुमी! मला! ज्या बाईने मला कॉलेजपासून पोरी म्हणून हाक मारली, जिने माझी लग्नाची वेणी घातली, ती मला तुमी म्हणाली. मी रडत रडत सगळं सांगितलं, ॲलर्जी, घसा, पुणं, इंजेक्शन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझी सासू सांगायची, आमची सावली पडली की लोकांच्या पोटात दुखायचं. आता त्या दुखण्याला इंग्रजी नाव आलंय, एवढंच. आमाला सवय हाय बाई. तुमी मनाला लावून घेऊ नका."

मला रागही आला आणि त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येईना. त्यांनी जन्मभर जे पाहिलं, त्यात माझं खरं कारण कुठेच बसत नव्हतं. पण माझ्या मनात आलं, यशाला कळेल. यशा शिकलेली आहे, शाळेत पोरं सांभाळते, ती आईला समजावेल. म्हणून दिवाळीच्या पत्रात मी थोडक्यात लिहिलं, की मावशींचा गैरसमज झालाय, तू बोल. आणि तू काय केलंस? तू पत्रं बंद केलीस. माझी बाजू तू विचारलीसुद्धा नाहीस. माझा निम्मा ठेचा खाणारी, नव्हे, तुझा निम्मा ठेचा खाणारी मी, आणि माझ्या बाबतीत तुला ते लगेच खरं वाटलं! त्या दिवसांत मला मावशींच्या 'तुमी'पेक्षा तुझं गप्प बसणं जास्त लागलं. सांगून टाकते.

दिवाळीनंतर आणखी भर. निम्मी खिचडी रोज उरायला लागली. शाळेच्या समितीत कुणीतरी काढलं की पोरं खात नाहीत तर शिजवणारी बदला. मी ह्यांना समितीत पाठवलं, ते बोललेही, पण ज्याच्या पोराने डबा सुरू केला त्याच्या तोंडून "शिजवणारी चांगली आहे" हे कोण ऐकणार? लोक हसले. हे घरी येऊन म्हणाले, आदेशला पुण्याला माझ्या बहिणीकडे ठेवू, सगळं मिटेल. सहा वर्षांचं पोर. मी म्हटलं, मग शेंगदाणे काय पुण्यात नसतात?

आणि मग संक्रांत. सगळी पोरं तिळगूळ घेऊन शाळेत. मी आदेशला पढवून पाठवलं होतं की तू दे, पण कुणाचा घेऊ नको. सांग, आई रागावते. पण वर्गाच्या बाईंनी स्वतः वडी पुढे केली. पोराने हात मागे घेतला तर बाई म्हणाल्या, "अरे, माझ्याशी गोड बोलायचं नाही का तुला?" तिळगूळ नाकारणारं पोर त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. सगळा वर्ग हसला. त्याने वडी तोंडात टाकली. त्यात कूट होतंच, आपल्याकडे कुणाच्या तिळगुळात नसतं? थोड्या वेळात तो खोकायला लागला, बाई म्हणाल्या पाणी पी. तो व्हरांड्यात आला, स्वतःचा तांब्या शोधायला. तिथे मावशी खिचडी वाढायच्या तयारीत होत्या. त्यांनी त्याचं तोंड बघितलं. ओठ सुजून बाहेर आलेले, डोळे मिटत चाललेले, छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज. तो एवढंच म्हणाला, "आजी, दाणा." मावशींनी हातातला डाव खाली टाकला आणि त्याला उचललं. गुरुजींच्या मोटारसायकलवर आयुष्यात पहिल्यांदा बसल्या त्या, पोराला पदरात आवळून, थेट मंचर. मला निरोप मिळाला तेव्हा मी कांद्याच्या रानात होते. रस्त्यावर येऊन समोर दिसला तो टेंपो थांबवला. मंचरच्या चौकात कांद्याचे ट्रक अडकलेले, मी उतरून पळत सुटले. वाटेत मी काय काय बोलले देवाला, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

इंजेक्शन वेळेवर मिळालं होतं. खाटेवर आदेश झोपला होता, तोंड अजून सुजलेलं, पण श्वास सरळ होता. उशाशी मावशी. त्याची मूठ त्यांच्या हातात. मला बघून त्या उठल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरी, हे खरंच व्हतं गं." मी त्यांच्या मांडीत डोकं घालून एवढी रडले की नर्सने मला बाहेर काढलं. पण खरं सांगू? आनंद झाला तसा संतापही झाला. जून ते संक्रांत मी घसा कोरडा करून सांगत होते. गुरुजींना सांगितलं, साळुबाईला सांगितलं, मावशींना सांगितलं, तुला सांगितलं. कुणालाच पटलं नाही. पटायला माझ्या पोराचा श्वास अडकावा लागला.

आणि आपले गुरुजी! आधी काहीच नाही म्हणणारे गुरुजी आता म्हणायला लागले, पोराला शाळेतच पाठवू नका, जबाबदारी कोण घेणार? त्यांना मी उत्तर देणार तेवढ्यात मावशी पुढे झाल्या. "माझ्या पातेल्याची जबाबदारी माझी. त्यात दाणा पडणार न्हाई. पोर रांगेत बसून खाईल." त्यांनी पातेलं, डाव, झाकण सगळं नव्याने घासून काढलं. कुटाऐवजी लसणाची फोडणी आणि सुकं खोबरं. तेलही त्यांनी आमच्याकडचं करडईचं मागून नेलं. सासूबाईंनीच भरून दिलं, तोंड वाकडं करून. घरून शेंगा खाऊन आलेल्या पोराला मावशी आता हात धुतल्याशिवाय पंगतीला बसू देत नाहीत, आणि पोरं एकमेकांच्या अशा चहाड्या सांगतात की विचारू नको. बाईही बिचाऱ्या हादरल्यात, आता प्रत्येकाच्या वाढदिवसाला गोळ्या वाटायच्या आधी मला विचारतात. पहिल्या दिवशी मीही गेले. आदेशचा डबा घरी ठेवला, तांब्या घरी ठेवला, त्याच्या शेजारी मांडी घालून बसले आणि मावशींनी वाढलेली खिचडी मीही खाल्ली. साळुबाई कुंपणापलीकडून बघत होती. बघू दे. महिनाभरात बहुतेक डबे बंद झाले. मावशींचं काम राहिलं. साळुबाईची नात मात्र अजून डबा आणते. आता म्हणे खिचडीला पूर्वीची चव राहिली नाही! मावशी कूट घालत होत्या तेव्हाही ही पोर डबाच आणत होती ना? मी तर आता हात टेकले.

हे सगळं तुला मावशींनी कळवलं असेल म्हणून मी इतके दिवस वाट बघत बसले. परवा सहज विचारलं तर म्हणाल्या, "म्या न्हाई सांगितलं. लेकीला वाटंल, काम टिकवायला आईनं पड खाल्ली. तुझं तू सांग." बघ, ही तुझी आई. आणि जाता जाता त्यांच्या तोंडून निसटलं की बुद्धपौर्णिमेला जुन्नरला तुझ्या नव्या घरात वंदना आहे, जेवण आहे, वस्तीवरची सगळी माणसं जीपने निघणार आहेत. तुझं घर, ज्याचा नकाशा तू कॉलेजात माझ्या वहीच्या मागच्या पानावर काढला होतास, ते बांधून झालं आणि मला निमंत्रण नाही. म्हणून हा सगळा पसारा लिहिला. निमंत्रण मागायला नाही, येतेय हे सांगायला. जीपमध्ये मावशींनी आमच्या दोन जागा धरल्यात. आदेश येणार, बिनडब्याचा, बिनतांब्याचा. त्याला तुझ्या पंगतीत मधोमध बसव आणि तुझ्या हाताने वाढ. स्वयंपाकात दाणा नको, एवढंच बघ. आणि माझ्यासाठी मावशी त्यांचा शेंगदाण्याचा ठेचा करून आणणार आहेत, घट्ट झाकणाच्या डब्यात. तो पोराच्या जवळ आणायचा नाही, म्हणून माझं ताट वेगळं काढ, पाणी वेगळं दे आणि मला पंगतीपासून लांब, तुझ्या नव्या ओट्याच्या पार टोकाला बसव. रुसवा संपला असेल तर शेजारी येऊन बस. निम्मा ठेचा तुझा.

तुझीच, भांडणासकट,
मंदा